सासूबाईंचे सोमवार आणि माझं पोटॅशियम

"वहिनी, जेवल्यावर तुम्ही उलटी काढता का?"

डिचोलीच्या बाजारातल्या दाताच्या डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी तोंड आ वासून बसले होते आणि आत त्यांचा आरसा होता. मदतनीस मुलीला त्यांनी काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मानेनंच नाही म्हटलं. पण खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

आरसा बाहेर आल्यावर म्हटलं, "मला ॲसिडिटी आहे डॉक्टर. जुनी."

"ॲसिडिटीवाले मी रोज बघतो," ते म्हणाले. "तुमच्या वरच्या दातांची मागची बाजू पार झिजलीय. कानाखाली दोन्हीकडे सूज आहे. छातीत धडधडतं? पायांत गोळे येतात?"

दोन्ही होत होतं. मी हो म्हटलं.

"मग दात राहू द्या. आधी रक्त तपासा. आजच्या आज."

मला रागच आला. अहो, दात दुखतोय म्हणून आलेय, तर दात बघा ना! पण त्यांनी माझ्यादेखत लॅबला फोन लावला आणि बाहेर स्कूटरवर थांबलेल्या माझ्या यजमानांना आत बोलावून सांगितलं, की हिला घरी नेण्याआधी तिकडे न्या. त्या आगाऊपणामुळे मी आज हे लिहायला आहे.

मी नूतन. मयेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते, घर मुळगावला. घरात मी, माझे यजमान उमेश आणि सासूबाई. एकुलती लेक शिकायला बाहेर असते. मला जे झालं होतं ते गावोगावच्या बायांना असतं आणि प्रत्येकीला वाटतं, हा आपला एकटीचाच घाणेरडा स्वभाव आहे. स्वभाव नव्हे बाई, आजार आहे. हे सांगायलाच लिहायला बसलेय.

संध्याकाळी लॅबमधून फोन आला की पोटॅशियम फार खाली आहे, थांबू नका, हॉस्पिटलात जा. पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. त्याच्यावर स्नायू चालतात, आणि हृदय हाही एक स्नायूच. सतत उलट्या झाल्या की तो शरीरातून निघून जातो. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. माझा काढला तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला.

"बाई, तुमचं हृदय आत्ता अंधारात जिना उतरतंय," ते म्हणाले. "कधी पायरी चुकेल सांगता येत नाही."

हाताला सुई, छातीला तारा, उशाशी पिकपिक करणारं यंत्र. बाजूला सासूबाई बसलेल्या. नर्सला सांगत होत्या, "उपास करून करून झिजली ती. आमच्या आख्ख्या वाड्यार अशी सून नाय." त्यांच्या आवाजात काळजी होती आणि अभिमानही होता. मी डोळे मिटून घेतले.

खरं काय होतं ते सांगते. मी उपास करायची, दिवसभर कडकडीत. संध्याकाळी उपास सोडला की आत काहीतरी सुटायचं. दुपारी पोदेर सायकलवर भोंपू वाजवत पाव देऊन जायचा. सगळ्यांसाठी घेतलेले उंडे, म्हणजे गोल पाव, मी उभ्याउभ्या, साखर लावून, न चावता गिळायची. मग डब्यातला भात, मग नारळाची वडी, मग हाताला येईल ते. पोट फुटायला यायचं. मग न्हाणीघर. नळ जोरात सोडायचा, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि घरात काय समजत होते? सून सोवळ्याची! जेवली की हातपाय धुते, कधीकधी डोक्यावरून पाणी घेते. शेजारणी आपल्या सुनांना माझं उदाहरण देत. मला हसू यायचं नाही आणि रडूही यायचं नाही. नुसती लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी सासूबाईंना चहा प्यायला पाठवलं, स्टूल ओढलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नाहीत तरी मी रागावणार नाही. पण सांगितलंत तर औषध लवकर सापडेल." मला काय झालं कोण जाणे, सगळं भडाभडा बोलून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, याला बुलिमिया नर्व्होसा म्हणतात. म्हणजे भराभर, ताबा सुटून खाणं आणि मग ते उलटून टाकणं. "तुम्ही हावरट नाही. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर संध्याकाळी ओरबाडून घेतं. मग तुम्हाला लाज वाटते, लाजेनं उलटी, आणि प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपास. गोल फिरतंय. ते आपण उपासापाशी तोडायचं."

उपासापाशी! मी म्हटलं, बाई, दुसरीकडे कुठे तोडता येत नाही का?

पोटॅशियम ताळ्यावर आल्यावर त्यांनी मला जो उपचार सांगितला तो म्हणजे गाइडेड सेल्फ-हेल्प. मार्गदर्शकाच्या मदतीनं आपला उपचार आपणच करायचा. एक पुस्तिका असते, पायरी पायरीनं पुढे जायची. आठवड्यातून एकदा समुपदेशक फोनवर थोडा वेळ बोलते, कुठे अडलं ते बघते. बाकी काम आपलं. मी मास्तरीण, आम्ही मुलांना गाइड वापरू नका म्हणून ओरडतो, आणि माझ्याच नशिबी गाइड आलं. "हे असं घरी बसून बरं होतं?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं नाही, पुष्कळांचं होतं. पण रक्त दर आठवड्याला तपासायचं. पोटॅशियम पुन्हा खाली गेलं तर हे बंद आणि तुम्ही परत इथे. आणि दर वेळी वेळेवर पोचालच असं समजू नका."

माझ्या समुपदेशक अनुजा मॅडम माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान. पण आवाज असा, की वर्गातली मस्तीखोर पोरं गप्प बसतील. पहिल्याच फोनवर नियम सांगितला. सकाळचा नाश्ता, मधलं खाणं, जेवण, चहाबरोबर काही, रात्रीचं जेवण, लागलं तर झोपताना थोडं. तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही, भूक असो वा नसो. जेवल्यावर उलटीची ऊर्मी येईल. ती लाटेसारखी चढते आणि उतरते. साधारण अर्धा तास हातांना दुसरं काम द्या, माणसांत बसा.

"आणि उपास?" मी विचारलं.

"सध्या एकही नाही."

"सोमवारसुद्धा?"

"सोमवारी काय शरीर सुट्टीवर असतं, बाई?"

तिला बोलायला सोपं होतं. ते सोमवार माझे नव्हतेच.

उमेश खाणीवर टिपर चालवतात. पाळी गावाजवळ एकदा टिपर उलटला आणि ते आत अडकले. पाय वाचला, जीव वाचला. तेव्हा सासूबाईंनी देवाला शब्द दिला, की माझा मुलगा रस्त्यावर असेल तोपर्यंत मी सोमवार धरीन. पुढे त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं. मग आमच्याकडे करतात तसं त्यांनी केलं. मला पाटावर बसवलं, ओटी भरली, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाल्या, "माजे सोमवार आतां तुजे." मागाहून संकष्टी आली, एकादशी आली. मी सगळं घेतलं. खुशीनं घेतलं, खोटं कशाला बोलू? उपास असला की का जेवत नाहीस म्हणून कुणी विचारत नाही.

यजमानांना मी घरी आल्यावर सांगितलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी अर्धं सांगितलंच होतं, मी उरलेलं सांगितलं. हा माणूस मुळात मोजकं बोलतो. बराच वेळ पाय चोळत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी जगावा म्हणून तू मरणार होतीस?" आईला मी सांगतो म्हणाले. मी नको म्हटलं. सासूबाईंचा त्या सोमवारांवर किती विश्वास आहे ते मला माहीत होतं. पावसात खाणीचं काम बंद असतं, तेव्हा उमेश चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणतात. गाडी निघाली की त्या देवाजवळ समई लावून बसतात ते गाडी परत येईपर्यंत.

मग मी एक शहाणपणा केला. सोमवारी शाळेत, स्टाफरूमच्या कपाटामागे उभी राहून डबा खायचा आणि घरी उपासाचं तोंड करून यायचं. पूर्वी चोरून उलटी करायची, आता चोरून जेवायला लागले! दोन आठवडे जमलं. तिसऱ्या सोमवारी सासूबाईंनी उपास सोडायला ताट वाढलं, दिवसभराच्या उपाशी माणसाला वाढतात तसं, डोंगर. नाही म्हणता येईना. खाता खाता आत ते जुनं सुटलं. पुढचं सांगत नाही. नळ किती जोरात सोडला होता ते अजून कानात आहे.

त्या आठवड्याचं पोटॅशियम पुन्हा घसरलं. दाखल करण्याइतकं नाही, पण डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. "आणखी एकदा असं झालं तर मी दाखल करायला थांबणार नाही, नूतनबाई. तुम्हीही थांबू नका."

अनुजा मॅडम वेगळंच बोलल्या. "चोरून खाण्यानंच तुम्ही आजारी पडलात. चोरून खाऊन बऱ्या कशा व्हाल? घरी सांगा."

"त्यांचा मुलगा घाटात असतो हो, मॅडम!"

"आणि तुम्ही कुठे आहात?"

फोन ठेवल्यावर मला तिचा इतका संताप आला म्हणून सांगू. कारण तिचं खरं होतं.

श्रावणातला सोमवार आला. उमेश पहाटेच बेळगावला गेले होते. पाऊस असा, की समोरचं घर दिसेना. मी शाळेत रजा टाकली. सासूबाईंनी साखरेच्या आजाराची सकाळची गोळी घेतली, पूजा केली आणि पेज घ्यायला स्वयंपाकघरात आल्या. मी ताटलीत दोन पोळे, म्हणजे तांदळाची घावनं, घेतले, चटणी घेतली आणि त्यांच्यासमोर बसले.

"आई, मी आज जेवणार आहे. आणि ह्यापुढे एकही सोमवार धरणार नाही."

मग सांगितलं. उंडे, साखर, नळ, सोवळं, सगळं. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून पोळ्याकडे बघून सांगितलं. माझं संपल्यावर त्या उठल्या. पेजेचा वाडगा तसाच ठेवला.

"तुका जमना तर माजे सोमवार माका परत दी," त्या म्हणाल्या आणि देवाच्या खोलीत जाऊन बसल्या.

मी म्हटलं, आई, तुम्ही गोळी घेतलीय, उपाशी राहू नका. मी पेज आत नेऊन ठेवली, त्यांनी ती सरकवून दिली. पुन्हा नेली. पुन्हा तेच.

माझ्या पोटात दोन पोळे दगडासारखे बसले होते. न्हाणीघराचं दार समोर उघडं होतं. वाटत होतं, आत जाऊन ते काढून टाकलं की सोमवार शाबूत राहील. त्या उठतील, जेवतील, घाटातली गाडी सुखरूप येईल, सगळं जिथल्या तिथे. हे वेड्यासारखं आहे ते मला कळत होतं. तरी पाय तिकडेच निघाले. मी खरंच उंबऱ्यापर्यंत गेले.

तेवढ्यात आतून तांब्या कलंडल्याचा आवाज आला.

धावले. सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या. कपाळावर दरदरून घाम, ओठ पांढरे, हात लटलट कापत होते. साखर उतरली होती. मी पेल्यात साखर ढवळून तोंडाशी धरली. त्यांनी दात घट्ट आवळले.

"प्या, आई!"

मान हलवली. "तो रस्त्यार आसा."

माझा तोल गेला. मी आजवर त्यांच्यासमोर चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "तुमच्या मुलाला दोन बायांची मढी खांद्यावर घेऊन जगायचंय का? विचारा त्याला!" आणि फोन लावला. लागेना. घाटात कुठे रेंज असते? पुन्हा लावला. सासूबाईंचे डोळे मिटायला लागले होते. मी एका हातानं त्यांचा गाल थोपटत होते, दुसऱ्या हातानं फोन. मनात म्हणत होते, देवा, तुला सोमवार हवे असतील तर घे, पण हा फोन लाव.

लागला. मी धडाधड सांगितलं आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडे पावसाचा आवाज, मग इंजिन बंद झाल्याचा. उमेश म्हणाले, "आई, गाडी बाजूक घेतलंय. हय वरसून माती येता. तू ता पाणी पियल्याबगर गाडी हालची नाय."

त्यांनी डोळे उघडले. "अरे मेल्या, थंय कित्याक थांबलंस? गाडी घाल फुडें!"

"तू पी."

पेला त्यांनी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. गटागटा प्यायल्या. अंगावर सांडलं. "पियलंय," फोनवर ओरडल्या, "आतां जा, जा!" इंजिन सुरू झाल्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठे त्या रडायला लागल्या.

"माका भंय दिसता गो," त्या म्हणाल्या. "तो गेलो की माज्या हातान दुसरां कायच करूंक जमना. म्हणान मी उपास धरतंय."

मी त्यांना जवळ घेतलं. म्हटलं, मलाही भीती वाटते, आई. म्हणूनच मी खाते आणि काढते. तुमची भीती आणि माझी भीती एकाच ताटातली आहे. मग पेज गरम केली. त्यांनी घेतली, मीही त्यांच्याबरोबर घेतली, कारण माझ्या मधल्या खाण्याची वेळ होऊन गेली होती. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की न्हाणीघराचा विचार मनातून कधी निघून गेला ते कळलंच नाही.

उमेश दुपारी आले. माती आली म्हणाले ते खरं होतं की आईला घाबरवायला, ते मी विचारलं नाही. तेव्हापासून घाट चढण्याआधी एक आणि उतरल्यावर एक, असे दोन फोन ते करतात.

पुढचे महिने एकदम सरळ गेले असं नाही. दोनदा घसरले. एकदा लेकीच्या परीक्षेच्या वेळी, एकदा काहीच कारण नसताना. पण दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहिले नाही. नेहमीच्या वेळी नाश्ता केला, रडत रडत केला. अनुजा मॅडम म्हणाल्या, हीच खरी पायरी. त्यांचे फोन आता बंद झालेत. तसं ठरलेलंच होतं, शिकवणी कायमची नसते. पोटॅशियम जागेवर आहे. दातांवर टोप्या बसल्यात.

तुमच्या घरात कुणी फार उपास करत असेल तर नुसतं कौतुक करू नका, जवळ बसा. आणि ती बाई तुम्हीच असाल तर आधी रक्त तपासा, मग कुणातरी एकाला सांगा. डॉक्टरांना, नवऱ्याला, मैत्रिणीला. सांगताना जीव जाईल असं वाटतं. माझा गेला नाही. न सांगता मात्र जायच्या बेतात होता.

सासूबाईंचं एक सांगायचं राहिलं. धरलेलं व्रत असं अर्धवट टाकत नाहीत म्हणून कार्तिकात एका सोमवारी त्यांनी भटजी बोलावले आणि उद्यापन केलं, म्हणजे विधीनं व्रत संपवलं. शेवटी तुळशीचं पान आणि पाणी हातात देऊन भटजींनी विचारलं, इतक्या वर्षांच्या सोमवारांचं फळ कुणाच्या नावानं सोडायचं? मला वाटलं, हा काय प्रश्न झाला?

सासूबाईंनी माझा हात ओढून आपल्या हाताखाली धरला आणि माझं नाव सांगितलं.

मी दचकले. पाणी ताम्हणात पडून गेलं होतं. "आई, आणि ह्यांचं?"

"तो आतां फोन करता गो," त्या म्हणाल्या. "ऊठ. पानां वाढ. तुजी जेवची वेळ झाली."